दहा बाय बारा

ऑरिन ट्वेट दुकानात आला तेव्हा
सप्टेंबर संपला नव्हता,
तरी डोंगरमाथ्यावर पांढरं दिसू लागलं होतं,
आणि मी मांडीवर कॅनव्हासचा ढीग घेऊन
एका छपराला चुलीच्या धुराड्यासाठी भोक पाडत होते.

तंबू हवा, म्हणाला. एल्कच्या शिकारीला, तळ टाकायला.
किती जण?
चार बोटं वर आली.
एक मिटलं.
जरा वेळाने आणखी एक.

डिलनमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे, मलाही :
कर्टिस मार्चमध्ये गेला,
गस नवा गुडघा घेऊन ॲरिझोनाला, लेकीकडे.

मी दाखवलं, जसं सगळ्यांना दाखवते.
हा नायलॉनचा. काखोटीला मारून न्याल,
पण पहाटे तुमचाच श्वास छताला गोठून
तुमच्याच कपाळावर पडेल.
हा कापडी. ओझं खेचराचं.
पण भिंती सरळ, आत चूल, मोजे रात्रीत वाळतात,
आणि उभ्याने विजार चढवता येते.
"साठीनंतर तेवढंच बघायचं," तो म्हणाला, मी नाही.

मग माप. तिथे घोडं अडलं.
बारा बाय चौदा घेतला तर दोन खाटांची जागा
रात्रभर बघत बसणार तुमच्याकडे.
शिवाय मोठ्याला लाकूड फार लागतं,
चुलीला दर दोन तासांनी कुणीतरी उठून घास भरवायचा.
"कर्टिस उठायचा," ऑरिन म्हणाला.
"शिव्या देत. पण उठायचा."

माझे आप्पा मिरजेत ट्रकांच्या ताडपत्र्या शिवायचे.
दाभण, मेण लावलेला दोरा, तळव्याला चामड्याचा तुकडा.
गिऱ्हाइकाला आधी माप विचारत नसत,
माल विचारत : कांदा की साखर?
कांद्याला वारा लागतो. साखरेला लागून चालत नाही.
म्हणून मी विचारलं,
आत काय ठेवणार आहेस, ऑरिन?

त्याने टोपी काढली, परत घातली.
"दोन म्हातारे," म्हणाला. "आणि डेलचं घोरणं."

दहा बाय बारा लिहून घेतलं.
दारापर्यंत गेला आणि वळला.
"पुढे एक पडवी लाव. मोठी.
गस आलाच, तर."

नेताना बजावलं : आधी अंगणात उभारून पाइपने भिजव.
नवं कापड पहिल्यांदा गळतं, चिडू नकोस.
भिजून वाळलं की सूत सुताला धरतं,
सुईची भोकं बुजतात.
एकदा?
दोनदा.

रविवारी त्याच्या घरावरून जात होते.
गवतावर तंबू, कडांवरून पाणी निथळत होतं,
आणि आत, स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर,
ऑरिन मान वर करून
कुठे गळतंय ते बघत बसलेला.
"ये," म्हणाला, "इकडच्या बाजूला कोरडं आहे."

अकरा वर्षं शिवतेय,
उभारलेल्या तंबूत कधी शिरले नव्हते.
उजेड आत पिवळा होऊन येतो, गव्हाच्या पोत्यासारखा वास.
थेंब त्याच्या खांद्यावर पडला, एक माझ्या नाकावर.
दोघांनी वर पाहिलं.
धुराड्याच्या भोकाशी माझा एक टाका
चांगलाच वाकडा गेला होता.

त्याला दिसला नाही.
मीही काही बोलले नाही.