हातचा एक

सात दिवस वर, सात दिवस खाली.
कंपनीच्या कागदावर आमचं आयुष्य
मधोमध घडी घातलेल्या रुमालासारखं आहे,
कडेला कड जुळवून.

वर म्हणजे खाण. तांब्याची, उघडी,
इतकी खोल की तिच्या तळाशी संध्याकाळ
गावाच्या तासभर आधी होते.
खाली म्हणजे कालामा, पत्र्याचं फाटक,
अंघोळीच्या पाण्यावर जगवलेलं एक झाड
आणि आमारो, वय वर्षं आठ.

मी ट्रक चालवते. तीनशे टन माल,
चाक माझ्या दुप्पट उंच,
केबिनपर्यंत सतरा पायऱ्या.
पहिल्याच दिवशी मुकादम म्हणाला होता,
मोजून ठेव, यास्ना, उतरताना कामाला येतील.
मी मोजल्या. अजून मोजते, चढताना.

खरं सांगू?
पहाटे चारला भरलेला ट्रक चढणीला लागतो,
इंजिन पोटात घुमतं,
आणि त्या अख्ख्या वाळवंटात
फक्त माझ्या मर्जीने काहीतरी हलत असतं,
तेव्हा मला कुणाचीच आठवण येत नाही.
हे मी आईला सांगितलेलं नाही.
आमारोला तर नाहीच.

लोक म्हणतात, पोरासाठी राबते बिचारी.
मी मान हलवते.
बिचारी असणं स्वस्त पडतं.

खाली आले की पहिला दिवस झोपेत जातो,
खिडकीच्या काचेला चंदेरी कागद चिकटवून.
घरातले चमचेसुद्धा दबकत वाजतात.
दुसऱ्या दिवशी मी असते, पण उलटी:
ताटावर डुलक्या, आणि रात्री दोनला ओटा घासत.
तिसऱ्या दिवशी त्याला म्हणते, बूट असे नाही ठेवायचे.
तो म्हणतो, आजी असेच ठेवते.
चौथा, पाचवा, ते खरे.
आम्ही लोआ नदीवर जातो,
भोपळ्याच्या तळलेल्या पुऱ्या खातो,
तो माझ्या नाकाला चटणी लावून पळतो.
सहाव्याला हळूच विचारतो, बॅग भरलीस?
सातवा मोजायचा नसतो.

एकदा त्याच्या वहीत बेरीज होती,
सात अधिक सात.
चाराला चार, हातचा एक.
उत्तर नुसतंच चार.
हातचा कुठे गेला रे, मी म्हटलं.
हातात आहे, तो म्हणाला,
आणि मूठ काही उघडेना.

गेल्या पाळीला ताप्यासाहेबांनी बोलावलं.
पाळीप्रमुख हो. बावीस ट्रक, दोन फावडी-यंत्रं,
दहा दिवस वर, पाच खाली.
त्या खुर्चीत अजून बाई बसलेली नाही, म्हणाले.
शुक्रवारपर्यंत विचार कर.
विचार कसला?
त्यांचं वाक्य संपायच्या आत माझं हो तयार होतं,
दातांना आतून लागत होतं.
घरी येताना ते गिळलं.

त्या केबिनमधून एक गोष्ट दिसत नाही: जवळचं.
पलीकडचा ज्वालामुखी दिसतो, त्यावरचं बर्फ दिसतं,
चाकाशी उभी असलेली जीप दिसत नाही.
म्हणून खाणीतल्या प्रत्येक लहान गाडीला
दोन पुरुष उंच काठी असते, वर दिवा, झेंडा.
मी इथे आहे, एवढंच ती सांगते.
हे कधीतरी आमारोला सांगितलं होतं,
झोपायच्या वेळी, गोष्ट सुचेना म्हणून.

परवा फाटकाशी त्याची सायकल पाहिली.
मागच्या सीटला आजीच्या झाडूचा दांडा,
सुतळीने करकचून,
टोकाला माझ्याच जुन्या जाकिटाची नारिंगी बाही.
मी काही बोलले नाही.
एक गाठ सैल होती, ती आवळली.

आज गुरुवार, पहाटेचे पाच.
कागद बॅगेत आहे. सही केली आहे,
तारखेची जागा कोरी.
शेजारी एलियाना तोंड उघडं टाकून झोपली आहे.
बस गावाबाहेरच्या वळणावर येते
आणि मी काच पुसते, बाहीने.
घरांच्या वर, अंधारात,
काहीतरी हलतं आहे,
झेंडा, किंवा कुणाचं तरी
दोरीवर विसरलेलं धुणं.