ब्याण्णव

जालन्याच्या प्रयोगशाळेत सोमवारी सकाळी
थंड पेयाच्या जुन्या बाटलीत भरून
मिशनची विहीर माझ्या टेबलावर आली.
गळ्याला दोरा, दोऱ्याला चिठ्ठी:
'निंबळगाव, देवळाचं आवार, चिंचेखालची.'
अक्षर फादर इग्नेशियसचं,
र काढताना त्यांचा हात अजून अडखळतो.

ह्याच पाण्याने माझं नाव ठेवलं होतं.
ह्याच पाण्यासाठी पार भोकरदनहून माणसं येतात,
कॅन घेऊन, तापलेलं लेकरू घेऊन.
मार्थाबाई शेजूळ सांगतात,
त्या साली सगळ्या शिवाराने मान टाकली
आणि ही एकटी बोलत राहिली.

मी नळी धुतली. अभिकर्मक टाकलं. वाट पाहिली.
यंत्राला कोणाचा नवस कळत नाही,
हे त्याचं चांगलंच आहे.
नायट्रेट: ब्याण्णव.
पंचेचाळिसाच्या वर तान्ह्या बाळाला देऊ नये,
ओठ निळे पडतात,
एवढं साधं आहे ते.
पुन्हा केलं. एक्क्याण्णव पूर्णांक आठ.
तिसऱ्यांदा करताना ध्यानात आलं
की मी तपासत नाहीये,
विनवणी करतेय.

बाप माझा कॅटेकिस्ट, शांतवन पाटोळे,
सायकलवर सात वस्त्या,
पिशवीत प्रश्नोत्तरांचं पुस्तक आणि एक भिंग.
'देवाने आपल्याला कशाला निर्माण केलं?' विचारायचा.
उत्तर घोकून झालं की
पोरांच्या हाती भिंग देऊन म्हणायचा,
आता तो मुंगळा बघा. पाय किती?
आठ म्हटलं की परत मोजायला लावायचा.
'खोटे पाय लावून देवाची थोरवी वाढत नाही रं.'

फोन केला. म्हटलं, फादर, ब्याण्णव.
पलीकडे मोटारीची घरघर, मग तीही बंद.
'रविवारी येतेस का?
पाटी रंगवायला लागेल.'

मिस्सा संपल्यावर त्यांनी स्वतःच ठोकली,
पांढऱ्यावर लाल: पिण्यास अयोग्य.
खाली बारीक, लेकरांना देऊ नये,
त्यातला र वाकडा.
लोक गप्प.
कुणी म्हणालं, आपलाच विश्वास कमी पडला.
कुणी म्हणालं, वरच्या मळ्यांतला युरिया.
दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.
मार्थाबाई पुढे आल्या, डोक्यावर पदर सारखा करत:
'मग माझा येसुदास कशाने जगला?'

फादरनी ओठांतला खिळा काढला.
'मला ठाऊक नाही, बाई.
विहिरीत काय आहे ते हिने मोजलं.
जे मोजता आलं नाही
ते नव्हतंच, असं मी म्हणत नाहीये.'

मार्थाबाईंना ते पुरलं नाही.
खरं सांगायचं तर मलाही.

दुपारी बोर्ड्यांच्या घरचा बाप्तिस्मा होता,
सव्वा महिन्याचं पोर, झबल्यात हरवलेलं.
घंगाळ भरलं होतं त्याच विहिरीचं.
मी दारातच आडवी झाले.
फादर हसले, 'डोक्यावर ओतायचंय, रोझलिन.
दुधाची पावडर टँकरच्या पाण्यात कालव,
हे तिच्या आईला दोनदा सांगितलंय.'
पाणी कपाळावरून कानामागे ओघळलं,
पोर किंचाळलं,
बाकी सगळे मेणबत्तीकडे बघत होते.
मी त्याच्या ओठांकडे.
लालबुंद होते.

सोमवारी नमुन्याची बाटली अर्धी उरलेली.
अहवाल गेला की नमुना ओतून द्यायचा,
तसा नियम आहे.
बेसिनपाशी बूच काढलं.
आजूबाजूला कुणी नव्हतं,
पलीकडे फक्त पंखा.
अंगठा बुडवला, कपाळाला लावला,
एवढुसा क्रूस, लगेच वाळलेला.

मग ओतलं. नळ सोडून
बराच वेळ बाटली विसळत राहिले.