गव्हाभर पुढं

रंकाळ्याचा नंदी रोज गव्हाभर पुढं सरकतो,
तांदळाभर मागं.
देवळाशी पोचला की जग बुडणार.
हे कोल्हापुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं
आणि भेळेचा पुडा संपेपर्यंत
कुणाच्या लक्षातही राहत नाही.

माझं दुकान शाहूपुरीत, तिसऱ्या गल्लीत.
रेडिओ, टेप, जुने टीव्ही.
हल्ली लोक दुरुस्तीला आणत नाहीत,
टाकायला आणतात.

नूरुद्दीन मुजावरांच्या नातवानं रिळाचा डबा आणला, गंजलेला.
साल एकोणपन्नास, पौराणिक बोलपट, आत फक्त तिसरं रीळ.
राणी घाटावर रडते. मागं पाणी.
झाकणाच्या आतल्या अंगाला मुजावरांची पेन्सिल:
‘पहिला खेळ, पाण्यावर ठिपका.
चाळिसावा, वशिंड.
शंभरावा लावला नाही.
मालकाला सांगितलं, कार्बन संपला.’

मी रीळ बल्बसमोर धरलं.
बैल होता, राणीच्या खांद्याएवढा आलेला.
तोंड दिसत नव्हतं.
पाठ आपल्याकडं.

माझी आई, कुसुम तिवडे, टेलिफोन एक्स्चेंजला रात्रपाळी करायची.
ट्रंक कॉलच्या वहीत तिचं अक्षर जोंधळ्यासारखं टपोरं.
सत्तावन्न, फेब्रुवारी. नंबर नाही, गाव नाही,
धाप लागलेला कुणीतरी नुसता मोजतोय.
गहू एक. तांदूळ एक. गहू दोन.
तिनं नेहमीसारखं विचारलं, समोर कोण आहे?
हेही तिनं लिहून ठेवलंय,
आई तशी पक्की सरकारी.
उत्तराचा रकाना कोरा.
कोरा म्हणजे, कागद तिथं
खरवडून खरवडून पातळ झालाय.

पुढच्या पानाला दोन दाणे चिकटवलेत, डिंकानं.
शेजारी पट्टीच्या रेघा.
किती वर्षं आम्ही वरण-भात खाल्ला, पोळ्या खाल्ल्या
आणि एकानंही दाणे शेजारी ठेवून बघितले नाहीत.
तांदूळ लांब भरतो.

म्हणजे तो देवळाकडं निघालेलाच नाही.
शेकडो वर्षं तो मागं सरतोय,
डोकं खाली घालून,
जसं जनावर सरतं
समोर काही आलं की.

हिंदुराव मिठारी स्टुडिओत आवाज घ्यायचे.
निवृत्तीनंतर पन्हाळ्यावर जाऊन रात्र टेप करायचे, छंद म्हणून.
त्यांची सून एक कॅसेट देऊन गेली,
‘ह्यात काहीच न्हाई, पुसून भजनं भरा.’
साठ मिनिटं वारा.
मग वारा थांबतो. टिटवीही थांबते.
मग हिंदुराव, अगदी माइकजवळ, लहान मुलासारखे:
‘तारे कमी हाईत.’

मी भजनं भरली. ती ऐकू येतात.
त्यांच्या मागं तारे अजून कमी होतायत,
हे कसं ऐकू येतं, विचारू नका.

जुना टीव्ही बंद केला की
काचेच्या मधोमध पांढरा ठिपका उरतो, विझत जातो.
दुकानातले सात संच मी प्लग काढून ठेवलेत.
रात्री शटर ओढताना वळून बघतो,
सातही ठिपके जागेवर.
मंगळवारी मोहरीएवढे होते.
आज वाटाण्याएवढे,
आणि त्यांना कड आहे,
पापणीला असते तशी.

हे बिलबुकाच्या पाठकोऱ्या कागदावर लिहितोय.
डावीकडं चार बोटं समास सोडला होता.
आत्ता मोजला, साडेतीन भरला.
कुणीतरी पाठीनं रेटतंय
आतून.

घरात तांदूळ आणणं बंद केलंय.
पहाटे फिरायला जातो तेव्हा खिशात गहू असतात,
नंदीच्या पुढ्यात मूठभर टाकतो.
सर बाबा, थोडं पुढं सर.
झाडणारी बाई वैतागते,
‘कबुतरं लई झाल्यात तुमच्यामुळं.’
मी हं म्हणतो
आणि आभाळाकडं न बघता घरी येतो.