चोवीस तासांचं रीकॉल

एम.एस्सी.चं पहिलं प्रॅक्टिकल:
काल सकाळपासून आज सकाळपर्यंत पोटात काय गेलं
ते लिहा, वाटी-चमच्याच्या मापात.
बोरस्ते मॅडम म्हणाल्या, पेशंट इथंच खोटं बोलतात.
तुम्ही बोलू नका.

सकाळी सात. चहा, अर्धा कप. साखर दोन चमचे.
आठ. द्वारकेला बस सुटत होती, म्हणून काही नाही.
नऊ ते दोन मी हॉस्पिटलच्या किचनमध्ये
एकशे बारा ताटं तपासते:
किडनीवाल्यांची डाळ पातळ, शुगरवाल्यांचा भात मोजून,
तिसऱ्या मजल्यावरच्या बाळंतिणीला अळीव.
त्यातलं आपण खायचं नाही, असा नियम आहे,
आणि वासाला कॅलरी नसतात.
अडीच. ग्लुकोजची बिस्किटं चार, कॉलेजच्या जिन्यात.
रात्री नऊ. भाकरी दीड, मेथी,
आईनं न विचारता वाढलेलं शेंगदाण्याचं कूट.

वहीत मी लिहिलं:
मोड आलेली मटकी एक वाटी, ताक एक ग्लास, पेरू.
पेरू लिहिताना जरा जास्तच वाटलं.
राहू दिला.

फीचं असं करता येत नाही.
बासष्ट हजार, तीन हप्ते.
शिष्यवृत्ती मंजूर आहे, पोर्टलवर हिरवी खूण आहे,
खात्यात नाही.
गांगुर्डे क्लार्क खिडकीतून म्हणतात, तुम्ही आधी भरा,
आली की परत.
माझं आडनाव वाचून हसतात, पगारे ना तुम्ही? मग काय.

आमच्या शास्त्रात एक्स्चेंज लिस्ट असते,
एक पोळी म्हणजे अर्धी वाटी भात, असं.
पहिला हप्ता म्हणजे आईची भिशी, नंबर लागायच्या आधी
शेजारणीच्या हातापाया पडून उचललेली.
दुसरा म्हणजे दीडशेला एक या भावानं
एकशे अडतीस डाएट चार्ट,
लग्नाआधी सहा किलो उतरवायचेत अशा
कॉलेज रोडच्या मुलींसाठी.
तिसऱ्यासमोर अजून काही लिहिलेलं नाही.

पप्पा छत्तीस वर्षं नाशिकरोडला, नोटांच्या प्रेसमध्ये.
अजूनही हातात पाचशेची आली की
उजेडाकडे धरून आधी शाईतली चूक शोधतात,
मग खिशात.
सुटताना रोज गेटवर झडती व्हायची.
मोजायला दिल्या होत्या, म्हणतात. एवढंच.

रविवारी मला घेऊन लेण्यांवर गेले.
पायऱ्यांवर दोनदा गुडघा धरून थांबले
(मी मनात: कॅल्शियम, डी, आणि ऐकणार नाहीत).
दहाव्या लेण्यात भिंतीला न शिवता
बोट हवेत अक्षरांवरून नेत त्यांनी सांगितलं:
दोन हजार कार्षापण, विणकरांच्या श्रेणीकडे ठेव,
दरमहा शेकडा एक व्याज,
वर्षावासातल्या भिक्खूंच्या चिवरांसाठी.
मुद्दलाला हात लावायचा नाही.
मी बोटांवर हिशेब केला, साल बारा टक्के.
बँकेतल्या साहेबांनी मला साडेअकरा सांगितलं होतं.
म्हणजे दोन हजार वर्षांत अर्धा टक्का सुटला, पप्पा.
ते इतके हसले की आतल्या अंधारात
कुणीतरी टॉर्च आमच्याकडे फिरवला.

उतरताना म्हणाले, सुजाता नाव मी उगाच नाही ठेवलं.
मला माहीत आहे ती खीर.
तांदूळ, दूध, आणि समोर हाडं मोजता येतील असा माणूस.
इतक्या उपासानंतर एकदम इतकं द्यायचं नसतं,
युनिट तीनमध्ये आहे ते.
त्याला सोसलं, बरं झालं.
दूध कुणाच्या पैशाचं होतं, ती स्वतः जेवली होती का,
हे कुणी वहीत घेतलेलं नाही.

सोमवारी वही परत आली.
मटकी, ताक, पेरू, सगळ्यांवर बरोबरच्या खुणा.
खाली लाल शाईत मॅडमची ओळ:
लोह तरीही कमी पडतंय.