वर्गणी

नव्या पेठेतल्या दुकानात आम्ही चौघी शिरलो
तेव्हा पोरगा म्हणाला, मिक्सर तिकडं, मावशी.
भूदेवीनं तंबाखूनं पिवळ्या पडलेल्या बोटानं
काचेमागं दाखवलं:
ते नको. आकाशातला रेडिओ.

दोन होते.
एक बारका, मुठीत मावणारा,
कानात बोंडं घालून एकटीनं ऐकायचा.
दुसरा जाडजूड, उचलायला कडी,
पाठीला उघडणारं झाकण, अँटेना म्हणे ती,
आमच्या भाकरीच्या डब्याच्या झाकणाएवढी.
खैरुन म्हणाली, बारका घेऊन काय कान वाटून घ्यायचे?
जाडजूड बाजूला काढला.

मग पोरानं कागद पुढं सरकवला.
पेटीचे पैसे एकदाच, म्हणाला,
ऐकायचे मात्र दर वर्षी. वर्गणी.
आम्ही हसलो.
वर्गणी आम्हाला काय नवी? गणपतीची,
गड्ड्याला जायच्या टेम्पोची,
म्याकलांच्या सुनेच्या ऑपरेशनची.
आकाशाची मात्र पहिल्यांदाच.

सहा महिने, एक वर्ष, तीन वर्षं.
तीनचं स्वस्त पडतं, मावशी.
स्वस्त-महाग आम्ही पैशात मोजत नाही.
हजारी सत्तेचाळीस रुपये.
वर्षाचे अठराशे म्हणजे अडतीस हजार तीनशे विड्या,
छाट न धरता.
चौघींत वाटून साडेनऊ हजार, वर पाऊणशे.
पोरगा कॅल्क्युलेटर शोधेपर्यंत
रेणव्वानं हे तोंडी केलं.
तीन वर्षांचं नको, म्हणाली,
तीन वर्षं कारखाना पान देईल
हे कोण लिहून देतंय? एकच कर.

पेटीसोबतच्या पुस्तकात होतं:
तोंड आग्नेयेला, मधे भिंत नको, झाड नको.
झाड!
कुंभारीच्या माळावर घरकुलं मिळाली तेव्हापासून
आम्ही झाडच शोधतोय.
पहिल्यांदाच उघड्या माळाचा काही उपयोग झाला.
एक रेघ आली, दोन आल्या,
खैरुनची बकरी आडवी गेली, दोन्ही गेल्या.
बकरी बांधली. चार रेघा.

भूदेवीला तेलुगू पाहिजे, रेणव्वाला कन्नड,
खैरुनला कव्वाली, मला मराठी.
ठरलं: एका कट्ट्याला एक भाषा.
पंचवीस विड्या झाल्या की बटण दाबायचं.
आपली पाळी आली की
भूदेवीचा हात इतका सावकाश चालायचा
की दोऱ्याची गाठ पडता पडेना.
आम्हाला दिसायचं. आम्हीही तेच करायचो.

एका दुपारी बटण दोनदा दाबलं गेलं
आणि एक बाई बोलू लागली.
कुठल्या मुलखातली, काही कळेना.
संथ बोलायची, थांबायची, पुन्हा बोलायची,
जशी कुणी पानं निवडतेय,
भोकाचं एक इकडं, नितळ एक तिकडं.
समुद्राचं सांगलालीय, भूदेवी म्हणाली.
भाजीचे भाव आहेत, खैरुन.
मला वाटलं, मेलेल्यांची नावं वाचतेय. बोलले नाही.
चौघींपैकी कुणाचीच भाषा नव्हती,
म्हणून भांडण नव्हतं.
रोज तीन वाजता तीच लावायची, न ठरवता ठरलं.
त्या तासाला कुणी कट्टे मोजले नाहीत.

मार्चात वर्ष भरलं.
आदल्या दिवशी ती बोलता बोलता खोकली,
पाणी प्यायली असावी, भांडं वाजलं,
पुन्हा खोकली.
दुसऱ्या दिवशी तीनला पडद्यावर नुसती अक्षरं.
रेणव्वाच्या नातवानं वाचून दाखवलं: मुदत संपली.

सुपं मांडीवर तशीच होती. हात चालू.
माळावरून उनाचा वारा आला, तंबाखू उडाला,
आम्ही पदर आडवे धरले.
बराच वेळ कुणी काही बोललं नाही.
मग खैरुन म्हणाली, बरी झाली का नाही ती, कसं कळायचं आता?
दर एकोणपन्नास झालाय, रेणव्वा म्हणाली,
छत्तीस हजार सातशे पस्तीस.
म्हणजे हिशेब तिनं आधीच करून ठेवला होता.
भूदेवीनं कनवटीची पुरचुंडी सोडली.
वर्षाचं कशाला, म्हणाली,
सहा महिन्यांचं घ्या.
खोकला तेवढ्यात बरा होतोय.