कुठला उतार, कुणाची नाव

शटर अर्धं खाली ओढून
दस्तगीरमामा बिस्किटांचा पत्र्याचा डबा
काउंटरवर पालथा करतो.
कुरुंदवाडात साडेआठनंतर हेच एक दुकान उघडं,
गिऱ्हाईक नाही, आम्हीच.

नियम साधा.
मामा फोटोवर तळहात ठेवणार,
एक कोपरा तेवढा सोडणार
आणि विचारणार: कुठला उतार, कुणाची नाव?
चुकला त्यानं चहा सांगायचा.

पारिसा उपाध्ये दगडावरून ओळखतो.
कुठल्या घाटाच्या कुठल्या पायरीचा टवका उडालाय
हे त्याला स्वतःच्या दातांपेक्षा पाठ.
"वाडीचा घाट. ही पायरी कोरडी,
म्हणजे मार्गशीर्ष तरी लागलेला."

मी नावांवरून.
डाव्या अंगाला डांबराचं ठिगळ, तर ती औरवाडची.
दोन सायकली, एक शेळी
आणि उभ्यानं बिडी ओढणारा मास्तर, तर ती
खिद्रापुराहून जुगूळला निघालेली;
मराठीत चढायचं, कन्नडात उतरायचं,
मधल्या पाण्यात कुणी फारसं बोलत नसे.

राजाक्का मगदूम माणसांवरून, तीही पाठमोऱ्या.
"तोंड कशाला बघाय पायजे?
वांग्याची पाटी अशी मागं कलती ठेवणारी
आमची आत्ती एकटीच हुती."

यल्लाप्पा आंबी खेळत नाही.
चाळीस वर्षं नाव हाकली,
आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
दाराजवळच्या पोत्यावर बसून नुसता ऐकतो,
उत्तर चुकलं की खोकतो.

परवा एक फोटो निघाला.
कोपरा सोडला, पाणी.
दुसरा सोडला, पाणी.
शेवटी मामानं हातच उचलला.
मधोमध एक नाव, त्यात सहाजणं, सगळी पाठमोरी,
एक गॅसची शेगडी,
काठ कुठंच नाही.
आणि वरून, आभाळातून गेलेली
एक आडवी काळी रेघ.

"संगम," पारिसा म्हणाला, पण दगड नसल्यानं
आवाजात जोर नव्हता.
"राजापूरच्या बंधाऱ्याचा फुगवटा."
"रंकाळा असंल, बोटिंगचा."
"शेगडी घिऊन बोटिंग?"
राजाक्कानं फोटो दिव्याखाली धरला, लांब धरला.
"ह्यातलं कोण आपल्याकडचं न्हाई."
मी म्हणालो, रेघ म्हणजे उताराचा दोर.

यल्लाप्पा खोकला.
"दोर ताठ हाय का मधी पोट सुटलंय?"
"ताठ. वर कावळा बसलाय."
"आन हातात वल्हं का बांबू?"
"बांबू."
"मंग बांबू खाली टेकतोय की रं.
भर पुरात नदीच्या मधी
कुठं टेकतोय बांबू?"

मामा इतका वेळ गप्पच.
त्यानं काउंटरमागचं कॅलेंडर खिळ्यावरून काढलं.
भिंतीवर मळकट तपकिरी डाग, सरळ आडवा,
माझ्या डोक्याच्या वीतभर वर.

काळी रेघ विजेची तार होती.
फोटो ह्याच दुकानाच्या गच्चीवरून काढलेला.
बांबू जिथं टेकला होता
तिथं आत्ता माझं स्टूल.
मी पाय वर घेतले, का कोण जाणे.

"शेगडी कुणाची मग?" पारिसानं विचारलं.
राजाक्का कितीतरी वेळ
नावेतल्या त्या बाईकडे बघत राहिली,
डोईवर पदर नसलेल्या, खांदे पडलेल्या.
"माझीच," म्हणाली.
"पाठ कुठं कवा बघतोय आपून आपली."

पाच चहा आले.
कुणाच्या नावावर, ते ठरलं नाही.
मामानं फोटो पालथा करून
पेन्सिलीनं लिहिलं, लिहिता लिहिता वाचलं:
उतार: मेन रोड ते हायस्कूल. नाव: आंबी.

पोत्यावरून खोकला आला.
"का? चुकलं?"
"न्हाई," यल्लाप्पा म्हणाला, बशीतला चहा फुंकत,
"दरबी लिवा की.
फुकट न्हेलतं."