गोंडे

आर्वो कांगासला आता फारसं ऐकू येत नाही.
दोरी वाजते, हे त्याला हरणानं सांगितलं
मागल्या नोव्हेंबरात:
बाण पोचायच्या आधीच दबलं, निसटलं.

आज स्टोव्हपाशी बसलाय,
मांडीवर हिकरीचं धनुष्य,
दातांत लोकरीचं टोक.
डाव्या पायातला मोजा उसवलाय,
उजवा अजून पायातच.

दाभणानं दोरीचे पदर फाकवतो,
बोटभर तुकडे मधे सारतो, आवळतो, कातरतो,
पिंजून फुलवतो.
एक गोंडा वरच्या टोकापासून पाव अंतरावर,
एक खालच्या.
बीव्हरची फर बरी, म्हणतो,
लोकर बर्फात भिजली की जड होते.
पण मोजा हाताशी होता.

मग अंगणात.
सुपीरियर सरोवरावरून वारा,
पेंढ्याच्या गठ्ठ्यात बाण.
"काय गं एल्मी, येतोय का आवाज?"

मी कान देते.
टणत्कार गेलाय.
उरलंय ते नुसतं
घोंगडी झटकल्यासारखं.

"येतोय," मी म्हणते. "जरासा."

हरणासाठी नाही म्हटलं,
त्याच्यासाठीही नाही.
स्टोव्ह अजून तापलेला होता.

तो पायरीवर टेकलाय,
उजव्या बुटाची नाडी सोडतोय.